ओट्यावरचं प्रेशर

अकोल्याच्या त्या गल्लीत संध्याकाळचा चहा झाला की भगवंतरावांच्या ओट्यावर बीपीचं मशीन निघायचं. रिटायर मंडळी तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत, गप्पा हाणत, आळीपाळीने दंडाला पट्टा बांधायची आणि आकडा मोठ्याने सांगायची. ज्याचा आकडा जास्त, त्या दिवशी त्याचा मान मोठा! एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेल्या भगवंतरावांनी हा मान सहसा सोडला नाही. डॉक्टरांनी दिलेली बीपीची एक गोळी ते रोज घेत, तरी ओट्यावरचा आकडा काही उतरत नव्हता.

"एका गोळीनं काय होते? माही बी घेत जा झोपतानी," म्हणत शेजारच्या देवानंदने आपल्या बीपीच्या गोळ्या त्यांना दिल्या. त्या सुरू केल्यापासून सकाळी उठलं की भगवंतरावांच्या डोळ्यांपुढे अंधारी यायची. एकदा तर न्हाणीत तोल गेला. प्रेशर वाढलं, आता आपलं काही खरं नाही, असं त्यांनी धरून घेतलं आणि एकुलत्या एक लेकीला, अपेक्षाला, पुण्याला लागलेल्या नव्या नोकरीवर जाऊ नको म्हणून सांगितलं. पोरीचं तोंड एवढंसं झालं. पण दुसऱ्या दिवशी बापाला घेऊन ती दवाखान्यात गेलीच.

डॉक्टर नीलमताईंनी ओट्यावरच्या मोजणीची सगळी हकीकत ऐकून घेतली आणि रात्रंदिवस आपोआप प्रेशर मोजणारं यंत्र त्यांच्या दंडाला बांधून दिलं. पुढच्या दिवशी त्याचा आलेख पाहून त्या म्हणाल्या, "काका, दिवसाचं ठीक आहे. ओट्यावर बसले तवा तेवढं चढलं. खर्रा खात, बोलत मोजल्यावर चढीनच. झोपेत प्रेशर थोडं उतरते, पहाटे परत चढते, ते शरीराचं रोजचंच आहे. पण तुमचं रातच्याले लईच खाली जाऊन राहिलं. मी दिलेल्या गोळीशिवाय काही घेता काय?"

भगवंतरावांनी मान खाली घातली. "देवानंदची घेतो, झोपतानी."

"मंग चक्कर त्यानंच येत असन! ती आजपासून बंद. तुमची सोताची मात्र सोडायची नाही."

"म्हणजे बाई, आता भेवाचं कारण नाही?"

"एवढं भेता काहून? खर्रा सोडा, गोळी वेळेवर घ्या. मोजाचं तं पाच मिनिटं निवांत बसून, कधी सकाळी, कधी संध्याकाळी."

भगवंतरावांच्या छातीवरचा धोंडा उतरला. किती दिवसांनी त्यांनी पोटभर श्वास घेतला! दवाखान्याच्या पायरीवर मात्र ते थबकले.

"अपेक्षा, तू जाय पुण्याले," ते म्हणाले. "खरं सांगू का? आकड्याले भेलो, पण तू दूर जाशीन म्हणून त्याच्याहून जास्त भेलो. बीपीच्या नावानं मीच तुले अडवून राहिलो होतो."

"मले माईत होतं, बाबा," म्हणत तिने डोळे पुसले आणि ती हसली.

वाचकहो, असा ओटा आपल्याही गल्लीत असेल. प्रेशर दिवसा एक, रात्री एक, ही शरीराची रीतच आहे. म्हणून एका वेळच्या आकड्यावर शेजाऱ्याची गोळी घेऊ नये, आणि लेकीचं आयुष्य तर मुळीच ठरवू नये.