मोतद्दाराचं दूध

“आजी, इथे आत कोण आलं होतं?”

अनुजिनने बॅटरीचा दिवा भिंतीजवळ नेला. थडग्यातल्या भिंतीवर रंगवलेला मोतद्दार तेराशे वर्षं तांबड्या घोड्याचा लगाम धरून उभा होता. आता त्याच्या हनुवटीपासून कपाळापर्यंत पांढरी बुरशी चढली होती.

“मी असताना कोण शिरतंय आत?” खान्दमा म्हणाली.

ते खरंच होतं. अनुजिन ही चित्रं जपायला शहरातून यायची, ती परत येईपर्यंत राखण खान्दमाकडे. सांगितलेलं सगळं तिने उन्हाळाभर अक्षरशः पाळलं होतं. आत चूल नेली नाही, भिंतीला बोट लावलं नाही. सख्खा भाऊ बघायला आला, तर त्यालाही दारातूनच पिटाळलं.

“मग हे पांढरं कसलं?”

“दूध असेल.”

“दूध?”

“सकाळचं पहिलं दूध आपण आभाळाला शिंपडतो ना? म्हटलं, आभाळाला काय, सगळेच देतात. हा बिचारा कधीचा उपाशी उभा आहे, ह्याला कोण देणार? रोज पळीभर शिंपडायची. कोमट करून.”

“आजी! हात लावू नकोस म्हणाले होते ना?”

“हात कुठे लावला? लांबूनच शिंपडलं.”

अनुजिनचं डोकं फिरलं. पण ओरडायला मोठा श्वास घ्यावा लागतो, आणि आत तोंडावर पट्टी बांधून श्वाससुद्धा जपूनच टाकायचा, हा नियम तिचाच होता.

“पुसून निघेल ना गं?” म्हातारीने हळूच विचारलं.

“बघू. रंगही सोबत येईल कदाचित. आणि नाही पुसलं तर आधी घोडा जाईल, मग सगळी भिंत.”

दिवा खान्दमाने धरला. अनुजिन बारीक कुंचल्याने एकेक तूस उचलत होती. हनुवटी मोकळी झाली तेव्हा दोघी एकमेकींकडे बघून हसल्यादेखील. मग गालाखालचा गिलावा सुटला. पापुद्र्यासारखा चेहरा अनुजिनच्या तळहातावर आला आणि तिथेच भुगा झाला. भिंतीवर एक कान उरला आणि लगाम धरलेली मूठ.

खान्दमाला भयंकर वाईट वाटलं. एकटीचं घर, ह्या मुक्या माणसाशी ती रोज चार शब्द बोलायची. आपल्याच मायेने त्याला खाल्लं, हे तिला सोसवेना.

वर आल्यावर अनुजिनने शहरात फोन लावला.

“साहेब, मोतद्दाराचा चेहरा गेला. घोडा वाचला… कारण? यंदा पाऊस फार झाला. ओल उतरली आत.”

“फोन दे इकडे,” खान्दमा म्हणाली.

“आजी, तू गप्प बस.”

“दे म्हणते ना!”

तिने फोन जवळजवळ हिसकावूनच घेतला. “साहेब, मी खान्दमा, राखणवाली. ओलबिल काही नाही. मी दूध शिंपडलं, रोज. पोरगी माझ्यापायी खोटं बोलतेय, तिला रागावू नका. पण नदीपलीकडच्या थडग्यांवरही बायाच आहेत ना राखणीला? त्याही माझ्यासारख्याच. त्यांना कुणी सांगितलं नसणार. आजच सांगा.”

पलीकडचं बोलणं तिने निमूट ऐकून घेतलं. “हो. बरोबर आहे, साहेब,” एवढंच म्हणाली आणि फोन परत दिला.

“काय म्हणाले?”

“आजच सांगतो म्हणाले. आणि राखण दुसऱ्याला द्या म्हणाले.”

“कशाला बोललीस, आजी? मी निभावून नेलं असतं.”

“माझं निभलं असतं गं. भिंतींचं काय?”

 अनुजिनचे डोळे भरून आले होते.

खान्दमाने कमरपट्ट्यातून थडग्याची किल्ली काढली. कामासाठी वर दुमडलेल्या बाह्या तिने मनगटापर्यंत नीट खाली ओढल्या, अंगरख्याची गळ्याशी सुटलेली गुंडी लावली, आणि मोठ्या पाहुण्याला वाटी द्यावी तशी, उजव्या हाताच्या कोपराला डाव्या हाताचा आधार देऊन, किल्ली त्या पोरीपुढे धरली.