डावीकडचा तिसरा पाटा

मित्रांनो, माझे वय विचारू नका. विचारणाऱ्याचा मला लगेच संशय येतो. मी एक जुना पाटा आहे. वाटण वाटायचा नव्हे, ट्रकच्या मागच्या चाकावरचा. पोलादाच्या नऊ लांब, जराशा वाकवलेल्या पट्ट्या एकावर एक रचतात, मधोमध एका बोल्टात ओवतात, यू बोल्टांनी आसाला आवळतात आणि मग त्यांच्यावर अख्खा ट्रक ठेवतात. खड्डे आम्ही खातो आणि ड्रायव्हर घरी जाऊन सांगतो, आज रस्ता बरा होता.

डावीकडच्या नऊ जणांत मी वरून तिसरा. माझा जन्म भट्टीतला. लाल होईपर्यंत तापवले, वाकवले, तेलात बुडवले. मग एका माणसाने मला हातोडीने ठोकले आणि कान लावून आवाज ऐकला. "खणखणीत आहे," तो म्हणाला. आयुष्यात माझे झालेले कौतुक एवढेच. तेव्हाही मला वाटलेच होते, की हा सगळ्यांना हेच सांगत असणार.

आमचा मालक स्वतःच ड्रायव्हर आणि स्वतःच मेकॅनिक. त्याच्या मते गॅरेजवाला चांगला माल काढून जुना बसवतो, टायरवाला हवा मोजून कमी भरतो आणि शेजारचे मांजर ग्रीसच्या डब्यावर डोळा ठेवून आहे. म्हणून सगळी कामे घराच्या अंगणातच. जॅक, टेकूच्या लोखंडी घोड्या, नटांचे पाने ओळीत मांडायचे, मांजर कुठे आहे ते पाहायचे, मग ट्रकखाली शिरायचे. जगातल्या प्रत्येकाचा त्याला संशय, फक्त आमचा नाही. ट्रक म्हणजे घरचा माणूस.

दर रविवारी तो आमची तपासणी करी. ट्रक घराच्या भिंतीला खेटून लावायचा. खाली भिंत आणि ट्रक यांच्यामध्ये चार बोटे घालायची. मग टायरवर चढून वरही चार बोटे घालायची. दोन्हीकडे चार बोटे नीट बसली, की ट्रक सरळ. ही त्याची शास्त्रीय पद्धत.

चार वर्षांपूर्वी एका खड्ड्यात मला केसाएवढी चीर गेली. नेमकी मधल्या भोकापाशी, यू बोल्टच्या पट्टीखाली, कुणाला दिसणार नाही अशी. मी गप्प बसलो. चिरलेल्या पाट्याला भंगारात टाकतात, हे मी ऐकून होतो. तेव्हापासून मला प्रत्येकाचा संशय येऊ लागला. बॅटरीचा उजेड पडला की वाटे, आला न्यायला. आठव्या पाट्याने चुगली केली असेल असेही वाटे, आणि तो तर जन्मात बोललेला नव्हता. एकदा चिरेतून गंजाचा लाल ओघळ बाहेर आला. मालकाने तो निरखून पाहिला आणि म्हणाला, "रंग उडालाय." मग त्याने आम्हा सगळ्यांना काळा चकचकीत रंग दिला. इतक्या मायेने मला कुणी लपवले नव्हते.

चीर वाढत गेली. ट्रक डावीकडे कलू लागला. तरी दर रविवारी चार बोटे खाली, चार बोटे वर. मलाच माझा संशय येऊ लागला.

मग तो रविवार आला. दुसऱ्या दिवशी दगडी लाद्या भरून घाट उतरायचा होता. घाटापलीकडे मालकाच्या मुलीचे कॉलेज. तिला हॉस्टेलवर सोडायला आई-बाबा दोघेही निघणार होते. म्हणजे मागे लाद्या आणि पुढे अख्खे कुटुंब. मुलीचा मामाही निरोप द्यायला आला होता. मामा गवंडी. घराची भिंत त्यानेच बांधलेली.

"अहो, ट्रंक परत डावीकडे सरकली," मालकाची बायको ट्रकच्या मागून म्हणाली. "तिसऱ्यांदा."

"ट्रंकेचा तळ गोल असेल."

"चौकोनी ट्रंकेचा?"

मालकाने चार बोटे खाली घातली, चार बोटे वर घातली. "बघ. सरळ आहे."

"मग भिंत वाकडी असेल, बाबा," मुलगी म्हणाली.

मामाने चहाचा कप खाली ठेवला. "काय म्हणालीस?"

"मी नाही म्हणाले, मामा. ट्रंक म्हणाली."

मामाने पिशवीतून ओळंबा काढला. दोरीला बांधलेले ते वजन भिंतीच्या माथ्यावरून खाली सोडले. माथ्यापाशी भिंत दोरीला चिकटलेली, पायाशी तीन बोटे दूर. मामाने दोरी हाताने स्थिर केली आणि पुन्हा पाहिले.

"वारा आहे," तो म्हणाला.

पान हलत नव्हते. मग त्याने तोच ओळंबा ट्रकवरून सोडला. ट्रकही तेवढाच कललेला, त्याच बाजूला.

"म्हणजे दोघं एकमेकांना धरून आहेत," मामा म्हणाला. "भाऊजी, जोडी चांगली जमलीय."

"भिंत तू बांधलीस."

"आणि ट्रक कुणाचा?"

दोघांनी एकमेकांकडे असे पाहिले, जसे मी आठव्या पाट्याकडे पाहत असे.

"घाट उतरून आलो की उघडतो," शेवटी मालक म्हणाला.

मित्रांनो, मला हेच तर हवे होते. पण ही मुलगी लहानपणी जुन्या दातब्रशने आमच्या फटींतला चिखल काढायची आणि प्रत्येकाला विचारायची, "दुखतंय का?" मी कधी उत्तर दिले नव्हते. त्या दिवशी दिले. होता नव्हता तेवढा जोर लावून मी कुरकुरलो.

"ग्रीस हवं," मालक म्हणाला.

असे असते. तोंड उघडावे तर लोक त्यात ग्रीस घालतात.

मुलीने मात्र हातोडी घेतली. खाली बसून एकेका पाट्याच्या टोकावर ठोकत गेली, कान लावून. टण. टण. माझ्यावर ठोकली आणि थांबली. पुन्हा ठोकली. "बाबा, हा बद्द वाजतोय."

"आवळलेला आहे, म्हणून."

"नऊच्या नऊ आवळलेले आहेत."

"मी त्या केबिनमध्ये बसणार नाही," तिची आई म्हणाली. "आणि हीसुद्धा."

मालकाने पुढच्या चाकांना दगड लावले, चासी जॅकवर उचलली, खाली घोड्या सरकवल्या. नटांवर रॉकेल सोडले. यू बोल्ट निघाले. आम्ही उसळून कुणाला लागू नये म्हणून मधला बोल्ट शिकंज्यात धरून हळूहळू सैल केला. मग त्याने मला उचलले, कापडाने पुसले, आणि तो तसाच टायरवर बसला.

त्याने माझ्यावर आडवी चार बोटे ठेवली. मी रुंदीला बरोबर तेवढाच. त्यातली तीन बोटे चिरेतला जुना गंज होता. शाबूत पोलाद एक बोट.

"रंग मीच दिला होता," तो म्हणाला. मामाने ओळंब्याची दोरी गुंडाळून त्याच्या हातात दिली. "राहू दे तुझ्याकडे," म्हणाला.

नवा पाटा बसवून एक दिवस उशिरा ते निघाले. घाट उतरले, मुलीला पोचवले, परत आले. मला भंगारात टाकले नाही, याचाही मला संशय आहे. मामा म्हणाला, भिंत उतरवून नव्याने बांधतो, पुढच्या महिन्यात. तोपर्यंत हा पाटा टेकू म्हणून राहू दे. त्याला आता दोन वर्षे झाली. चिरलेला पाटा वाकड्या भिंतीला धरून उभा आहे, आणि दोघांनाही एकमेकांचा भरवसा नाही. मुलगी दर रविवारी फोनवर विचारते, "बाबा, ओळंबा लावला का?" तो ट्रकला लावून येतो आणि हो म्हणतो.

म्हणून मित्रांनो, एक विनंती. आपल्या वस्तूंचा, आपल्या माणसांचा अधूनमधून मायेने संशय घ्या. हळूच ठोका, कान लावा. ज्याच्यावर ताजा रंग दिसेल, त्याला आधी पाहा. आणि जो विचारल्याबरोबर 'ठीक आहे' म्हणेल, त्याच्यापाशी जरा जास्त वेळ बसा.

बाकी मी ठीक आहे.