दोन खांबांमधली फट

"निघाले! शेठ निघाले!"

आरोळी उठली आणि सभामंडपातली सगळी डोकी उजव्या कोपऱ्याकडे वळली. तिथल्या दोन दगडी खांबांमधल्या अरुंद फटीतून धान्याचे एक व्यापारी देवाचं नाव घेत, घामाघूम होऊन, पलीकडे निघाले होते. आधी त्यांचं पोट बाहेर आलं, मागून ते आले. लोकांनी हात जोडले. कारण त्यांच्या आधी काडीसारखी बारीक एक बाई त्याच फटीत अडकली होती आणि पदरात तोंड लपवून मागे फिरली होती.

"हत्ती गेला, शेपूटसुद्धा राहिलं नाही!" दारवान गरजला. "अन् काडी अडकली! देवाच्या दारात अंगाचं माप चालत नाही, पापाचं चालतं. इथे वशिला नाही, ओळख नाही. फक्त आधी मला भेटायचं."

हा दारवान म्हणजे पुजारी नव्हे. पुजारी गाभाऱ्यात आपली पूजा करायचे आणि बाहेर काय चाललंय तिकडे कानाडोळा करायचे. याने स्वतःच स्वतःला देवाचा दारवान नेमलं होतं आणि देवाने अजून काही हरकत घेतली नव्हती. गोष्टही त्याच्यापाशी तयार असे. देऊळ बांधणाऱ्या शिल्प्याने आपल्या बायकोवर संशय घेतला, ती मूल कडेवर घेऊन खांबांकडे चालू लागली, खांबांनी सरकून वाट दिली. तेव्हापासून हे खांब पापी माणूस ओळखतात. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा आणि कुणी विचारायचं नाही, की बाबा, तू होतास का तिथे?

कोपऱ्यातल्या पायरीवर गाण्याच्या बाई डोळे मिटून बसल्या होत्या. गावात त्यांना याच नावाने ओळखत. निम्म्या गावाच्या मुलींना त्यांनी सूर लावायला शिकवलं होतं. आईवेगळ्या भाचीला त्यांनीच वाढवलं, तिचं लग्न लावून दिलं. त्या भाचीचं सात महिन्यांचं बाळ तापाने गेलं. घरात कुजबुज सुरू झाली. सासू म्हणाली, आईचंच काहीतरी चुकलं. भाचीला या फटीत उभं केलं आणि ती अडकली. नवरा मात्र सहज निघाला. सासरच्यांनी तिला आत्याच्या दारात आणून सोडलं.

तेव्हापासून भाची खिडकीशी बसून असायची. पुढ्यातलं ताट तसंच राहायचं.

"अगं, दगड तो. त्याला काय कळतं?" बाई म्हणायच्या.

"मी झोपले होते, आत्या. बाळ धापा टाकत होतं अन् माझा डोळा लागला. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. दगडाला कळलं."

दगडाला काय कळतं ते बाईंना स्वतः पाहायचं होतं. म्हणून त्या देवळात येऊन बसू लागल्या. डोळ्यांनी पाहत तोवर त्यांनाही चमत्कारच दिसायचा. एकदा कंटाळून डोळे मिटले, आणि शिकवताना ऐकतात तसं ऐकू लागल्या. मग उमगलं. जे निघायचे ते ऐकू यायचे. जे अडकायचे ते मुके असायचे.

दारवान आधी घरच्यांना ओसरीवर बसवून गोड बोलायचा. "कुणावर मन खट्टू आहे? मोकळं करा." घरचे भडाभडा सांगून टाकायचे. मग खांबाशी आल्यावर एकाला म्हणायचा, "नाव घे, लांबव, दम संपेपर्यंत लांबव अन् नीघ!" आणि ज्याच्यावर घरच्यांचं बोट, त्याला, "छाती भरून श्वास घे. गच्च धर. तोंडातून ब्र काढलास तर देव कोपेल." बाईंनी उभा जन्म मुलींच्या बरगड्यांवर हात ठेवून त्यांना दम घ्यायला शिकवलं होतं. भरलेली छाती आणि रिकामी छाती यांत किती फरक पडतो, ते त्यांच्या तळव्याला ठाऊक होतं. फट नेमकी तेवढ्याच फरकाची होती. पोटाचं काय, दाबलं की दबतं. भरलेल्या बरगड्या दबत नाहीत.

खांबही त्यांनी न्याहाळले. एक तळापासून माथ्यापर्यंत वेलबुट्टीने भरलेला. दुसरा नुसता तासलेला, उघडाबोडका. वर पाहिलं तर दगडी तुळई तडकलेली. ती खाली येऊ नये म्हणून कुणीतरी पुढे कधीतरी हा दुसरा खांब दिला होता. दरवाजा कसला, म्हाताऱ्या देवळाची काठी होती ती.

त्या दिवशी बाईंनी विहीणबाईंना आणि जावयाला निरोप धाडला होता. भाचीलाही हाताला धरून आणलं होतं. शेठजींचा जयजयकार ओसरला तशा बाई उठल्या.

"दारवानबुवा, मी जाते आज."

"या की! तुमच्यासारख्या पुण्यवान..."

"पुण्य राहू दे. लक्ष ठेवा." बाईंनी नाव घेतलं, सूर लांबवला आणि दम संपता संपता तिरक्या होऊन पलीकडे गेल्या. लोकांनी हात जोडले. बाई वळल्या, छाती भरून श्वास घेतला, धरला आणि परत फटीत शिरल्या. अडकल्या. कुणीतरी "अरे देवा" म्हटलं. बाईंनी श्वास सोडला आणि अलीकडे आल्या.

"पाहिलंत? एवढ्या वेळात मी पुण्यवान होते, पापी झाले अन् परत पुण्यवान झाले. पाप करायला वेळ तरी मिळाला का मला?"

एकदोघे हसले. दारवानाच्या कपाळावर आठी आली. "देवाची थट्टा करता, बाई?"

"देवाची नाही, तुमची. ज्याला सोडायचं त्याला गायला लावता, ज्याला अडकवायचं त्याचा श्वास कोंडता. जावईबापू, या इकडे. त्या दिवशी तुम्ही नाव घेत निघालात ना? आज तोंड मिटून, श्वास धरून जा. म्हणजे सगळ्यांना कळेल."

जावई बिचकला. पण बायकोला घरी न्यायचं त्याच्या मनात होतं. तो पुढे झाला, श्वास भरला, आत शिरला आणि अडकला.

बाई लोकांकडे वळल्या. "कळलं आता?"

लोक अडकलेल्या जावयाकडे टक लावून पाहू लागले. मग मागून एक आवाज आला, "म्हणजे बापानंच!"

"बाप पापी! सुनेला उगीच बोल लावला!"

"अहो, मी आत्ता काय सांगितलं?" बाई ओरडल्या. "श्वास! श्वासाचा खेळ आहे हा!" पण उभा जन्म सूर लावून कमावलेला तो आवाज गलक्यात बुडून गेला.

दारवानाने वारा ओळखला. "सत्य लपत नाही!" त्याने हात उंचावले. "देवाने खरा चोर धरला!"

विहीणबाई मटकन खाली बसल्या. "माझ्या लेकाला काढा कुणीतरी!"

जावई घाबरून आणखी आणखी श्वास घेऊ लागला आणि आणखी आवळला गेला. डोळे पांढरे व्हायची वेळ. बाई त्याचा हात ओढत होत्या, तो सुटत नव्हता. तेवढ्यात भाची गर्दीतून पुढे आली. तिने त्याच्या छातीवर हात ठेवला.

"अहो, सोडा. श्वास सोडा."

"मीच म्हटलं होतं, सकाळी नेऊ डॉक्टरकडे," तो फटीतूनच रडत म्हणाला. "तू रात्री म्हणत होतीस. मीच म्हटलं, सकाळी."

बोलता बोलता दम संपला, छाती उतरली आणि तो अलगद बाहेर आला. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत हे घडलं. कुणालाही दिसलं नाही. लोकांना दिसलं ते एवढंच, की पाप कबूल केलं आणि खांबांनी सोडलं. दारवानाला आता नवी गोष्ट मिळाली होती.

नवरा-बायको देवळाच्या पायऱ्यांवर शेजारी शेजारी बसली. बाई खालच्या पायरीवर.

"फटीचं मला पटलं, आत्या," भाची म्हणाली. "तुम्ही म्हणता तसंच आहे. पण मी झोपले होते, हेही खरंच ना?"

"किती रात्री जागली होतीस! ताप छातीत उतरला होता त्याच्या. नुसतं जागं राहून ते वाचलं नसतं, असं डॉक्टरांनी मागाहून सांगितलं नव्हतं का?"

"सांगितलं होतं."

"मग?"

भाची नवऱ्याकडे वळली. जावयाने मान वर केली नाही. सकाळपर्यंत तिथे एक दोषी होता, आता दोन होते. ते बाईंच्या हातून झालं होतं. दगडाचं उत्तर त्यांच्यापाशी होतं, याचं नव्हतं.

रांग वाढतच होती. तिच्या टोकाशी एक तरुण सून उभी होती, सासू मागे, दीर पुढे. बाई उठून तिच्या कानाशी गेल्या.

"पोरी, तो तुला गप्प राहा म्हणेल. राहू नकोस. श्वास सोडून दे."

ती दचकली, तिने सासूकडे पाहिलं आणि बाईंपासून दोन पावलं सरकून उभी राहिली.

सरकू द्या. रांगेत उभं असताना शहाणपणाचे बोल कानात शिरत नाहीत, म्हणून घरी निवांत बसलेल्यांना सांगायचं. दगड जुना असेल, त्यावरची नक्षी सुंदर असेल, ती डोळे भरून पाहा. पण तुमच्या घरात कोण पापी हे त्याला विचारू नका. त्याला छातीचं माप कळतं, मनाचं नाही. घरात लेकरू तापलं तर रात्रीच डॉक्टरचं दार वाजवा. आणि तेवढं करूनही ते गेलंच, तर दोषी शोधायला बाहेर पडू नका. जिचं गेलं आहे तिच्याजवळ बसा, ती जेवेपर्यंत उठू नका.