शाई पास होईना

माझ्या नवऱ्याच्या नाकावर राग असतो आणि कानावर पेन्सिल. फोटो छापून झाला, वाळला, खिडकीच्या उजेडात पसंत पडला, की ती पेन्सिल काढून हे फोटोच्या मागे ‘पास’ असं लिहितात. तसं लिहिल्याशिवाय आमच्या स्टुडिओतून फोटो बाहेर पडत नाही. एरवी साधी चिठ्ठी लिहायची झाली तरी मलाच हाक मारतात.

पण हल्ली त्या पेन्सिलीला काही काम उरलं नव्हतं. आमचा मोठा प्रिंटर जुना झाला आणि कंपनीने त्याची शाईची कार्ट्रिज बनवणंच बंद केलं. यंत्र ठणठणीत, पण त्याला पाजायला काही नाही. नवा प्रिंटर घ्यायला हे तयार नव्हते. “या वयात नवी सोयरीक नको,” म्हणाले. “पुन्हा भरायच्या कार्ट्रिजमधून मनासारखा फोटो आला तर दुकान चालेल. नाही तर शटर खाली, आणि मी घरी.”

हे घरी! दिवसभर माझ्या मागे मागे, भाजी कशी चिरायची ते शिकवत! म्हणून शाई पास व्हावी याची घाई ह्यांच्यापेक्षा मलाच जास्त होती. हे मी सगळ्यांना हसत हसत सांगायचे. मनात मात्र वेगळीच धास्ती होती. दुकान गेलं तर हा माणूस कोमेजून जाईल, हे मला पक्कं ठाऊक होतं.

रिकामी कार्ट्रिज आणि शाईच्या बाटल्या माझ्या धाकट्या भावाने आणल्या. तो प्रिंटर दुरुस्त करतो. कार्ट्रिज म्हणजे पारदर्शक डब्या, वर रबरी बूच. सिरिंजने एकेका डबीत शाई हळूच सोडायची. आत हवेचा बुडबुडा राहिला तर छपाईत रेघा येतात. भाऊ सिरिंज उजेडात धरून टिचकी मारायचा आणि हे त्याच्या खांद्यावरून डोकावायचे.

“मेहुणे, पेशंट दगावला तर तुम्हाला धरीन.”

“दाजी, पेशंट मजेत आहे. नातेवाइकांनीच घोर लावून घेतलाय.”

टेस्टसाठी छापायचा फोटो ठरलेला. लग्नानंतर पहिल्याच वर्षी ह्यांनी काढलेला माझा फोटो: काळेभोर केस, राखाडी स्वेटर, गालावर खिडकीतला उजेड. कागद बदलला, शाई बदलली, की आधी माझं तोंड छापून बघायचं. बिघडलं तर टाकून द्यायचं. आजवर आरशात पाहिलं नसेल इतक्या वेळा मी स्वतःला त्या दुकानातल्या कचऱ्याच्या डब्यात पाहिलंय.

पहिल्या शाईचा फोटो सुरेख निघाला. रेघ नाही, डाग नाही. रंग वाळताना जरा बदलतात, म्हणून दुसऱ्या दिवसापर्यंत थांबलो. मग ह्यांनी तो खिडकीपाशी नेला, उजव्या डोळ्याला भिंग लावलं आणि तोंड वाकडं केलं.

“पिवळी आहे शाई.”

भावाकडे रंग मोजायचं छोटं यंत्र आहे. त्याने ते फोटोवर टेकवलं. “दाजी, राखाडी अगदी राखाडी दाखवतंय.”

“त्या डबीला काय कळतंय? हिचा गाल माझ्या डोक्यात पक्का आहे.”

“मला तर बरा वाटतोय,” मी म्हणाले.

“तुला रंगातलं काय कळतं?”

हे वाक्य मी लग्न झाल्यापासून ऐकत आले आहे. आता त्याचा राग येत नाही असं मी सांगते. येतो.

भावाने दुसऱ्या कारखान्याची शाई आणली. पिवळी! तिसरी आणली. तीही पिवळी! मग ह्यांनी कॉम्प्युटरवर बसून निळा रंग वाढवत नेला. शेवटी ह्यांना गाल जरा बरा वाटला तेव्हा फोटोतली मी थंडीने काकडल्यासारखी दिसत होते. तरी पेन्सिल कानावरून उतरली नाही. भाऊ बिचारा न रागावता पुन्हा डब्या धुवायला बसला. मी त्याच्या जागी असते तर शाई ह्यांच्याच डोक्यावर ओतली असती.

घरी वेगळाच तमाशा चालला होता. वर्षभर ह्यांची एकच कुरकुर: “शर्ट पिवळट धुतेस.” मी साबण बदलला, शर्ट गरम पाण्यात भिजवले, घासून घासून हात दुखवले. शेवटी नीळ आणली. आधी चिमूटभर, मग चमचाभर. एके दिवशी हे खूश होऊन म्हणाले, “हां, आता कसा पांढरा झाला!” त्याच दिवशी शेजारणीने जिन्यात गाठून विचारलं, “तुमच्या ह्यांनी युनिफॉर्मची नोकरी धरली का हो?” मी हसून वेळ मारून नेली. घरात शांतता राहणार असेल तर मी शर्ट जांभळेसुद्धा करून दिले असते.

शेवटी हे म्हणाले, “पुरे झालं. शटर ओढू या.” भाऊ काकुळतीला आला. “दाजी, डोक्यातला गाल घटकाभर बाजूला ठेवा. कंपनीच्या शाईतला जुना पास झालेला फोटो शेजारी ठेवून बघा, एवढंच माझं ऐका.”

तो फोटो खणात, काळ्या पाकिटात जपून ठेवलेला होता. भावाने तो काढून नव्या फोटोशेजारी ठेवला. हे वाकले, भिंग लावलं, आणि एकदम लढाई जिंकल्यासारखे ताठ झाले.

“बघ! हासुद्धा पिवळा पडलाय! म्हणजे कंपनीची शाईही तसलीच.”

“दाजी, पाकिटात ऊन कुठून येणार?”

मी जवळ जाऊन पाहिलं. जुना फोटो नव्याइतकाच छान होता. स्वेटर राखाडी, गाल गालासारखा. मान वर केली तर समोर खिडकीच्या उजेडात हे उभे, अंगात मी नीळ घातलेला शर्ट, आभाळासारखा निळा.

“अहो, तुमचा शर्ट कोणत्या रंगाचा आहे?”

“पांढरा. शर्टाचं काय मध्येच?”

भाऊ हसायला लागला आणि मध्येच थांबला.

“भिंग लावता तो उजवा डोळा झाका बघू,” मी म्हणाले.

“वेड लागलंय का तुला?”

“झाका म्हणते ना!”

माझा असा आवाज ह्यांनी क्वचितच ऐकलाय. ह्यांनी तळहात डोळ्यावर ठेवला आणि शर्टाच्या बाहीकडे पाहिलं. मग डावा झाकला. मग पुन्हा उजवा. कितीतरी वेळ तसंच करत राहिले, वीज गेल्यावर माणूस उगाच बटण खालीवर करत राहतो तसं. मग स्टुलावर बसले.

“निळा आहे गं हा,” अगदी हळू म्हणाले.



“शाई बदलता येते,” हे म्हणाले. “डोळा कुठून आणू? डोळ्यावरच तर सगळं होतं माझं.”

दुकानाचं दार उघडं होतं, समोर भाऊ होता, तरी मी ह्यांचा हात हातात घेतला. “आधी डॉक्टरांना दाखवू या तर,” एवढंच बोलले.

डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, मोतीबिंदू. उजव्या डोळ्यात बराच वाढलेला, डाव्यात नुकती सुरुवात. डोळ्यातलं भिंग इतकं सावकाश पिवळं होतं की माणसाला पत्ताच लागत नाही. त्याला वाटतं जगच पिवळं पडलंय. ऑपरेशन करून नवं भिंग बसवता येतं. दुखेल का, किती वेळ लागेल, ह्यांनी काही विचारलं नाही. एकच विचारलं, “रंग परत दिसतील?”

“दिसतील. आधी थोडे दिवस सगळं जरा निळसर वाटेल. घाबरू नका.”

माझा जीव भांड्यात पडला. ह्यांनी खिशातला रुमाल काढून उगाचच चष्मा पुसला.

ऑपरेशननंतर पट्टी निघाली आणि हे घरभर पाहुण्यासारखे फिरले. “भिंतीला रंग कधी दिलास?” दिलाच नव्हता. निळसरपणा सरेपर्यंत आम्ही दम धरला. मग एका सकाळी ह्यांनी कपाट उघडलं आणि शर्टांच्या चळतीकडे बघतच राहिले.

“अगं, हे घालून मी रस्त्याने फिरलो?”

“ऐटीत.”

“आणि तू फिरू दिलंस?”

“मला रंगातलं काय कळतं?”

हे इतके हसले की मलाच ओरडावं लागलं, डोळा सांभाळा म्हणून.

दुकानात गेल्यावर, ह्यांनी टाकून दिलेले सगळे टेस्ट फोटो भावाने बाहेर काढले. त्याने ते जपून ठेवले होते. हे सावकाश एकेक बघत गेले आणि अगदी पहिल्या फोटोपाशी थांबले. “मेहुणे, ही शाई पहिल्याच दिवशी पास होती. चुकलो मी. माफ करा.” नंतर ह्यांनी वर्षभरात गिऱ्हाइकांना दिलेले फोटो कॉम्प्युटरवर उघडून पाहिले. “निळा वाढवून वाढवून सगळे थंडीत उभे केलेत मी,” म्हणाले, आणि स्वतः फोन लावून एकेकाला सांगायला लागले: फोटो परत आणा, नीट छापून देतो. नाकावरचा राग त्या दिवशी कुठे गेला होता कोण जाणे.

फोन संपल्यावर माझ्याकडे वळले आणि बघतच राहिले.

“तुझे केस कधी पांढरे झाले?”

“सावकाश झाले. तुमच्या देखत.”

“मला वाटायचं तू काहीतरी लावतेस. सोनेरीसर दिसायचे.”

“या वयात सोनेरी? मग विचारलं का नाही?”

“म्हटलं, तुझी हौस असेल.”

मीठ कमी पडलं तरी भाषण देणारा हा माणूस माझी हौस समजून वर्षभर गप्प राहिला होता. मला हसू आलं आणि त्याच दमात डोळे भरून आले.

“बस तिथे, खिडकीपाशी,” हे कॅमेरा काढत म्हणाले. “टेस्टचा फोटो बदलायचा. काळ्या केसांत चूक लपून राहते. पांढऱ्यांत जराही पिवळं-निळं आलं तर लगेच दिसेल.”

“म्हणजे आता सुरकुत्यांसकट कचऱ्याच्या डब्यात जायचं?”

“हलू नकोस.”

पहिल्याच शाईच्या डब्या भरून फोटो छापला. भावाला यंत्र लावायला ह्यांनीच सांगितलं. दुसऱ्या दिवशी फोटो वाळल्यावर आम्ही तिघं खिडकीपाशी उभे राहिलो. ह्यांनी कानावरची पेन्सिल काढली. आता हे वाकून भिंग लावतील म्हणून मी बाजूला सरले. पण ह्यांनी फोटो, भिंग आणि पेन्सिल, सगळं माझ्यापुढे धरलं.

“माझा डावा अजून व्हायचाय. तू बघ.”

मी भिंग लावलं. सुरकुत्या एकूण एक आल्या होत्या. केस पांढरे होते, पिवळे नाहीत, निळे नाहीत. मला पहिल्याच नजरेत कळलं होतं, पण मी मुद्दाम वेळ लावला. फोटो उजेडात धरला, तिरका केला, कपाळाला आठ्या घातल्या, अगदी ह्यांच्यासारख्या.

“अगं, सांग ना,” हे म्हणाले.

मी फोटो उलटा केला आणि मागे लिहिलं, ‘पास’.