दीडशे मीटर पूर्वेला

सकाळी खाणीचं छत बसलं आणि आत तिघे अडकले. त्यात माझा धाकटा भाऊ. हवा कशीबशी संध्याकाळपर्यंत पुरेल, असं इंजिनिअर म्हणाला. वरून बोअर मारून त्यांच्या भुयारात हवेचा पाइप सोडायचा ठरलं. बोअर कुठे मारायचा ते मी सांगायचं, कारण इथला सर्व्हेअर मीच.

भुयारांचा नकाशा जुन्या मोजणीचा, उपग्रहावरून जागा दाखवणारं यंत्र नव्या मोजणीचं. एकच अक्षांश-रेखांश दोन्हींत घेतले तर जमिनीवर दीडशे मीटरची तफावत पडते, म्हणून आकडे बदलून घ्यावे लागतात. ते तर माझ्या हातचा मळ. पाच मिनिटांत आकडे बदलले, यंत्र घेऊन चालत गेलो आणि खुंटी ठोकली.

बोअरवाला डोकं खाजवत म्हणाला, "साहेब, भुयार एवढ्या पूर्वेला नाही वाटत हो. एकदा परत बघता का?"

"तू भोक पाड. उगाच अक्कल पाजळू नकोस!" मी खेकसलो. भाऊ माझा आत, आणि हा मला शिकवणार!

ऐंशी मीटरवर भुयार लागायला हवं होतं. बारा वाजता मशीन शंभरावर पोचलं, तरी नुसता दगड. यंत्राची सेटिंग उघडली. अरे देवा! रोजची आकडेमोड नको म्हणून गेल्या आठवड्यात मीच ते जुन्या मोजणीवर लावून ठेवलं होतं. नकाशावरचा आकडा तसाच घातला असता तर जागा बरोबर आली असती. यंत्रानं बदल केला, वर मीही केला.

दुसरा बोअर पाच वाजता भुयारात उतरला. तिसऱ्या दिवशी ढिगारा उपसून दोघांना जिवंत काढलं. धाकट्याच्या छातीला मार होता, त्याला हवा आधी कमी पडली.

वाचलेल्यांपैकी एक जण धाकट्याच्या घरी आला, तेव्हा मीही तिथेच होतो. भावजयीला म्हणाला, "वहिनी, दीड वाजेपर्यंत बोलत होता तो. म्हणायचा, घाबरू नका रे, वर दादा आहे, त्याची जागा चुकायची नाही."

भावजय माझ्याकडे वळली. "भाऊजी, तुम्ही जिवाचं रान केलंत."

"पहिला बोअर माझ्यामुळे चुकला," मी म्हणालो. "बोअरवाल्यानं सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

तिनं मला दिलेला पाण्याचा पेला माझ्या हातातून काढून घेतला.

"जा तुम्ही," ती म्हणाली.