चुकीची उत्तरं बनवणारा क्लास

पंचवटीत पूजेच्या सामानाच्या दुकानावर ढुंढिराज सरांचा क्लास होता. क्लास कसला, एक खोली, चार बाकं आणि खाली रिक्षावाल्यांची कायमची हुज्जत. चैतालीला तिथं पाऊलच टाकायचं नव्हतं. आदल्या वर्षी ती कॉलेज रोडच्या बड्या क्लासला होती, एसी, ॲप, दर रविवारी टेस्ट, आणि तरी नीटमध्ये सपशेल आपटली होती. अभ्यास नव्हता म्हणावं, तर तसंही नाही हो. पोरीला सगळं यायचं. घरी तोच पेपर सोडवला की धडाधड बरोबर, आणि परीक्षेत बसली की माती. तिचे वडील प्रफुल्ल टपाल खात्यात कारकून. ते रागावले नाहीत, तेच तिला जास्त लागलं. जेवताना शांतपणे म्हणाले, की आणखी एक वर्ष घे, पण हे शेवटचं. नाही जमलं तर बीएस्सीला नाव घालू आणि डॉक्टरकी सोडून देऊ.

आणि पहिल्याच दिवशी या सरांनी काय करावं? प्रत्येकाला वेगळा प्रश्न दिला, त्याचं बरोबर उत्तरही कागदावर लिहून दिलं, आणि सांगितलं की आता याला तीन चुकीची उत्तरं बनवा. अशी, की शेजारचा फसला पाहिजे. चैतालीचं डोकंच फिरलं. लोक बरोबर शिकायला येतात आणि हे गृहस्थ चुकायला शिकवतायत! तिने मनाला येतील ते तीन आकडे ठोकून दिले. कुणीही फसलं नाही. गौरांग म्हणून एक मुलगा होता, हुशार आणि स्वतःला ते पक्कं माहीत असलेला. तो तर चक्क हसला.

सरांनी तिचा कागद उचलला.

"हे नुसते आकडे झाले," ते म्हणाले. "यांच्यामागे माणूस कुठाय? असं नेमकं कोण चुकेल, तो मला दाखव."

पुढं कितीतरी दिवस तेच. कोण चुकेल, कोण चुकेल! चैताली वैतागून गेली. शेवटी एका दुपारी तिने चिडून स्वतःलाच त्या कागदावर बसवलं. प्रश्न होता वर फेकलेल्या चेंडूचा, हातात परत यायला किती वेळ लागेल. पहिला पर्याय तिने लिहिला तो नुसता वर जायचा वेळ. ती स्वतः परीक्षेत नेहमी तिथंच थांबायची ना, आकडा हाती आला की हुश्श करून मोकळी! दुसरा पर्याय वेळेऐवजी उंचीचं सूत्र लावणाऱ्या चैतालीचा, तिसरा दशांश चिन्ह भलतीकडे टाकणाऱ्या चैतालीचा.

कागद फिरला आणि अख्खा वर्ग आपटला. गौरांगसुद्धा. त्याचाही चेंडू वर जाऊन वरच राहिला होता.

चैताली बघतच राहिली. इतके दिवस तिला वाटायचं की भुसा काय तो आपल्याच डोक्यात भरलाय. आणि इथं तर तिची चूक म्हणजे सगळ्यांची रोजची पायवाट निघाली. मग पुढचं लक्षात आलं आणि ती दचकली. पेपर काढणाऱ्याला हे सगळं माहीत आहे. कुठंतरी कुणी एक माणूस बसतो, तिला जन्मात न पाहता ती कुठं थांबणार ते ओळखतो आणि नेमकं तिथंच एक उत्तर मांडून ठेवतो. बाप रे, केवढी ही ओळख! तिने सरांना विचारलं, की इतकं कसं कळत असेल एखाद्याला. सर हसले आणि म्हणाले, की मलाही डॉक्टर व्हायचं होतं, आणि मीही तिथंच थांबलो होतो.

मे महिन्यात परीक्षा झाली. पेपरात एक प्रश्न आला, तीन अर्धायुष्यांनंतर किरणोत्सारी पदार्थाचा किती भाग विघटित झालेला असेल. अर्ध्याचं अर्धं, त्याचंही अर्धं. एक-अष्टमांश. आणि पहिल्याच पर्यायात एक-अष्टमांश लिहिलेलं! हात गोळा काळा करायला निघाला आणि मध्येच थबकला. अगं बाई, हे तर माझ्यासाठी ठेवलंय, तिच्या मनात आलं. तिने प्रश्न पुन्हा वाचला. उरलेला एक-अष्टमांश, विचारला होता गेलेला. सात-अष्टमांश शेवटच्या पर्यायात निमूट बसलं होतं. चैतालीने मान वर करून हॉलभर पाहिलं. रांगेनं वाकलेली डोकी, आणि प्रत्येकासाठी कुणीतरी कुठंतरी थांबायची जागा करून ठेवलेली. तिला भीती वाटली नाही. उलट त्या न पाहिलेल्या माणसाला हात जोडावेत असं वाटलं. मग ती पुढचा प्रश्न वाचू लागली, सावकाश, शेवटच्या शब्दापर्यंत.

निकाल लागला तेव्हा प्रफुल्ल ऑफिसात होते. तिने फोन लावला आणि एवढंच सांगितलं, की पप्पा, या मार्कांवर सरकारी मेडिकल मिळतंय. पलीकडून खुर्ची मागं सरकल्याचा आवाज आला.

मग ते म्हणाले, "डॉक्टर, जेवलीस का गं?"