गुनेलचा बुधवार

रॅग्नवाल्डने पाकीट बटाट्यांच्या पिशवीखाली सरकवलं, पण जरा उशिराच. गल्ल्याच्या रांगेत त्याच्या मागेच गुनेल उभी होती, आणि सरकत्या पट्ट्यावर बटाट्यांखालून लाल-पिवळ्या जेलीच्या गोळ्या डोकावत होत्या. रॅग्नवाल्ड म्हणजे लाकूडगिरणीत चाळीस वर्षं ओंडके ओढलेला, सहा फूट तीन इंचांचा माणूस. तो मानेपर्यंत लाल झाला.

"पाहुणे येणारेत," तो म्हणाला. "शनिवारी."

"बरं," गुनेल म्हणाली.

"लहान आहेत. पाहुणे."

"बरं, रॅग्नवाल्ड."

तिने काही विचारलंच नव्हतं. तिच्या टोपलीत ओट, दूध आणि गाजरं होती, आणि दिवस बुधवार होता. आमच्याकडे गोळ्या-चॉकलेटं खायची ती शनिवारी. हा कायदा नाही. कायदे आम्ही अधूनमधून मोडतो, गाडी चालवताना थोडे आणि कर भरताना थोडे. शनिवार मात्र पाळतो. पोरांनी सहा दिवस कळ काढायची, सातव्या दिवशी दुकानातल्या डब्यांमधून सुट्या गोळ्या कागदी पिशवीत भरायच्या, एका बैठकीत संपवायच्या आणि दात घासून झोपायचं. मोठ्यांचंही तेच, निदान चारचौघांत.

आणि गुनेल हेडस्ट्रम ही आमच्या लिलफोर्सची फ्लोराइडमावशी. एक्क्याऐंशी साली, एकविसाव्या वर्षी, ती पांढरा कोट घालून ट्रॉली ढकलत पहिल्यांदा शाळेत आली. दर दुसऱ्या मंगळवारी. कागदी पेल्यांत दोन-दोन घोट, दात किडू नयेत म्हणून फ्लोराइडचं औषधी पाणी. सगळ्या वर्गाने एकदम तोंडात घ्यायचं, आणि ती घड्याळाकडे बघत असेपर्यंत गाल फुगवून खुळखुळत बसायचं. माझी दोन्ही मुलं त्या पाण्यावर वाढली. त्या वर्गांतली पोरं आज नगरपालिकेत इंजिनियर आहेत, एक पाद्री आहे, एक तुरुंगात जाऊन आलाय. गुनेल दिसली की सगळ्यांचेच गाल अजून आपोआप फुगतात. पाद्री तर एकदा प्रवचनाच्या मध्येच थांबला आणि त्याने आवंढा गिळला, कारण ती उशिरा येऊन मागच्या बाकावर बसली होती.

शाळेतलं ते पाणी पुढे बंद झालं आणि गुनेल दातांच्या दवाखान्यात दात साफ करायच्या खुर्चीशी आली. माझ्या तोंडात तिची एकोणतीस वर्षं ये-जा आहे. हात हलका. बोलणं कमी. शेवटी एकच पाठ: दिवसातून दोनदा, दोन मिनिटं, ब्रशवर दोन सेंटिमीटर पेस्ट, आणि नंतर दोन तास तोंडात काही नाही. घासून झाल्यावर चूळ भरायची नाही, नुसतं थुंकायचं. लिलफोर्समध्ये चर्चमधली प्रार्थना विसरलेली माणसं आहेत, पण हे विसरलेलं कुणी नाही.

एवढं केल्यावर गावाने तिला जे द्यायचं ते दिलं: आदर. तिच्यासमोर कुणी गोड खात नाही. लग्नात ती बसेल त्या टेबलावर फळं येतात. मेर्ताच्या कॅफेत ती शिरली की काटे-चमचे बशीत ठेवले जायचे आणि माणसं हात मांडीवर घेऊन बसायची. लोकांचा केक सुकतो म्हणून गुनेलने तिथं जाणं सोडलं. त्याला एकोणीस वर्षं झाली.

आता तिचा बुधवार सांगतो.

दर बुधवारी काम संपलं की गुनेल गाडी काढायची आणि अडतीस किलोमीटरवरच्या पेट्रोल पंपावर जायची. त्या पंपाच्या दुकानात सुट्या गोळ्यांचे चोवीस डबे होते. ती बरोबर तीनशे ग्रॅम घ्यायची, निम्म्या खारट ज्येष्ठमधाच्या आणि निम्म्या आंबट साखरेत लोळवलेल्या. मग गाडी जंगलाकडे तोंड करून लावायची आणि रेडिओ लावून सगळ्या खायची. मग पंपाच्या संडासात जाऊन दात घासायची, दोन मिनिटं, दोन सेंटिमीटर. असं बावीस वर्षं. पंपावरच्या बाईला तिचं नाव माहीत नव्हतं. "नेहमीचं?" एवढंच ती विचारायची. गुनेल मला पुढे एकदा म्हणाली की ह्या जगात तिला नेहमीचं काय लागतं हे माहीत असलेली ती एकटीच बाई.

नवऱ्यालाही माहीत नव्हतं. बेर्टिल टपाल वाटायचा, सज्जन माणूस. तो गेला तेव्हा गुनेलने गॅरेज आवरायला घेतलं, तर त्याच्या हत्यारांच्या पेटीत पाना-पकडींच्या खाली टॉफीचे कागद निघाले. घड्या घालून, रबर लावून, शेकड्यांनी. सव्वीस वर्षं एका घरात राहून दोघं एकमेकांपासून लपून गोड खात होती. तिने ते कागद टाकले नाहीत. त्यांचं काय करायचं ते तिला सुचलं नाही, म्हणून पेटी तशीच बंद केली.

ह्या मार्चमध्ये पंपाचं दुकान बंद झालं. पेट्रोल आता यंत्र देतं, कार्ड घालायचं आणि भरून घ्यायचं. काचेवर आतून तपकिरी कागद लावलेला होता. गुनेल जंगलाकडे तोंड करून थोडा वेळ बसली आणि परत आली. त्यापुढचं दुकान ब्याण्णव किलोमीटरवर, आणि तिची नजर अंधारात आता चालत नाही. लिलफोर्सच्या दुकानात गोळ्यांचे ऐंशी डबे आहेत. घरापासून चालत चार मिनिटं. तिथं हात घालायची तिची सोय नव्हती.

मे महिन्यात ती निवृत्त होणार होती. पासष्ट पूर्ण. निवृत्तीनंतर आपण माणसांत येऊ, असं तिने मनाशी धरलं होतं. तशी तिची मागणी मोठी नव्हती. मेर्ताच्या कॅफेत खिडकीशी बसायचं, आठवड्याच्या कुठल्याही दिवशी, आणि लोकांनी आपापलं खात राहायचं. पण त्यासाठी गावाला खरं कळायला हवं होतं, आणि खरं सांगायला तिच्याकडे एकच जागा होती.

दवाखान्याचं एक वार्तापत्र निघतं, चार पानी, दर तिमाहीला प्रत्येक घरी. नवा डॉक्टर मेल्कर स्टोल ते काढतो. चौतीस वर्षांचा, उत्साही, सकाळी बर्फाच्या पाण्यात उतरून मग कामावर येणारा. त्याच्या मते दातांचा संबंध थेट ताकदीशी आहे, म्हणून वार्तापत्रात नवीन एक्स-रे यंत्राच्या बातमीशेजारी सकाळी ओटची लापशी खा, दुपारी सरबताऐवजी पाणी प्या, दर तासाला खुर्चीतून उठा, असं सगळं असतं. तिसऱ्या पानावर गुनेलचा फोटो आणि तिचं सदर. निरोपाचं सदर तिने आठ रात्री लिहिलं. पंप, चोवीस डबे, तीनशे ग्रॅम, संडासातला ब्रश, बेर्टिलचे कागद. शेवटी लिहिलं, मी तुमच्यासारखीच आहे, मला बघून काटा खाली ठेवू नका.

मेल्करने ते तिच्यासमोरच वाचलं. वाचताना तो दोनदा मांडीवर थाप मारून हसला.

"गुनेल, हे भारी आहे. पेशंटच्या तोंडून लिहिलंस. मला हे कधीच सुचलं नसतं."

"माझ्याच तोंडून लिहिलंय."

"तेच म्हणतोय ना. वाचणाऱ्याला वाटतं, अरे, हा तर मीच."

"मेल्कर, हे खरं आहे. मी जात होते तिथं. दर बुधवारी."

मेल्करने तिच्याकडे बघितलं आणि डोळा मारला. "तुझ्या तोंडात किडून भरलेला एक तरी दात आहे का?"

"नाही."

"बावीस वर्षं दर आठवड्याला तीनशे ग्रॅम, आणि एक भरलेला दात नाही?"

"नंतर घासते ना मी."

"दोन मिनिटं?"

"दोन मिनिटं."

"बघ," तो म्हणाला, "शेवटपर्यंत शिकवणं सोडत नाहीस तू."

फक्त बेर्टिलच्या कागदांचा परिच्छेद त्याने काढला. फार जड होतोय म्हणाला, लोक नाश्ता करता करता वाचतात. आणि वर मथळा दिला: 'तुमचा बुधवार कुठे आहे?'

वार्तापत्र घरोघरी पडलं. मीही नाश्ता करता करताच वाचलं आणि हसलो, तेही सांगायला हवं. बायकोला म्हटलं, ही बाई आपल्याला जाता जाता बरोबर पकडणार. सगळ्या गावाला तसंच वाटलं. दुसऱ्या दिवसापासून माणसं कबुली द्यायला येऊ लागली. शाळेची मुख्याध्यापिका तिला पार्किंगमध्ये गाठून म्हणाली की तिच्या टेबलाच्या खालच्या खणात चॉकलेट असतं, सोमवारपासून. पाद्र्याने फोन करून, तो रोज वाईनबरोबर खातो त्या गोड बिस्किटांबद्दल सांगितलं. रॅग्नवाल्ड दवाखान्यात खुर्चीवर बसला, तोंड उघडायच्या आधीच त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मावशी, पाहुणे नव्हते हो."

"मला माहितेय."

"तुम्ही लिहिलंत म्हणून सांगायचा धीर झाला. ते सगळं स्वतःवर घेतलंत आमच्यासाठी."

"मी घेतलं नाही. मी खाल्ल्यात त्या गोळ्या, रॅग्नवाल्ड."

तो मान हलवत राहिला. एवढ्या मोठ्या मनाची बाई त्याने बघितली नव्हती. गुनेलने आरसा उचलला आणि त्याला तोंड उघडायला सांगितलं. दुसरं काय करणार.

तपासणीच्या तारखा ऑगस्टपर्यंत भरल्या. गुनेलने रस्त्यात, चर्चच्या पायरीवर, माझ्याच फाटकाशी, मिळेल त्याला सांगून पाहिलं की ते खरं होतं. जितक्या वेळा सांगितलं तितकी ती गावाच्या नजरेत वर गेली. निरोपसमारंभाला पंचाहत्तर माणसं आली. मेल्करने भाषणात जाहीर केलं की गुनेल निवृत्त होत असली तरी तिचा फोटो आणि सदर चालूच राहील, तिला लिहायचा त्रास नको, तिच्या नावाने तो स्वतःच लिहील. टाळ्या पडल्या. केक तीन मजली होता. गुनेलला तिच्या आवडीची म्हणून सोललेल्या गाजरांची बशी दिली, रिबीन बांधून. ती तिने संपवली. तिला कुणाचं मन मोडता येत नाही, हेही तिच्या दुखण्यांपैकी एक.

जूनच्या पहिल्या बुधवारी दुपारी अडीच वाजता ती मेर्ताच्या कॅफेत शिरली.

मी तिथंच होतो. आम्ही बाराचौदा जण असू. तिच्या अंगात पांढरा कोट नव्हता, निळा उन्हाळी झगा होता, आणि तो तिने नवीन घेतलेला दिसत होता. काटे खाली ठेवल्याचा आवाज झाला. ती कुणाकडे न बघता काउंटरशी गेली, आणि इतक्या स्पष्ट आवाजात बोलली की कोपऱ्यातल्या बहिऱ्या स्वेन्निंगलाही ऐकू गेलं.

"मेर्ता, एक हिरव्या बदामी केकचा तुकडा. मोठा. आणि कॉफी. इथंच खाणार आहे, खिडकीत."

मेर्ता एकदा शिकायला म्हणून गाव सोडून गेली होती, आठवड्यात परत आली. तीही त्याच कागदी पेल्यांवर वाढलेली. तिने तुकडा खरोखरच मोठा कापला. गुनेल खिडकीतल्या दोन खुर्च्यांच्या टेबलाशी, रस्त्याकडे तोंड करून बसली. रस्त्यावरून शाळा सुटलेली पोरं चालली होती, त्यांच्या आया चालल्या होत्या.

मेर्ता ट्रे घेऊन आली. कॉफी गुनेलसमोर ठेवली. केकची बशी आणि काटा ठेवला समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे, नॅपकिन नीट घडी करून. मग खाली वाकून हळूच म्हणाली,

"काळजी करू नका मावशी. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, कुणीतरी आलंय तुमच्याबरोबर, केक त्यांचा आहे."

तिने हे इतक्या मायेने केलं होतं की आम्हा सगळ्यांना बरं वाटलं. आम्ही माना वळवून पार्किंगकडे बघायला लागलो. तिथं माझीच गाडी उभी होती. ती मी बराच वेळ बघितली.

गुनेलचा हात टेबलावर अर्ध्यापर्यंत गेला होता. बशी ओढून घेता आली असती, टेबल लहानच होतं. पण मेर्ता अजून तिथंच उभी होती, ट्रे छातीशी धरून, आपण बरोबर केलं ना अशा चेहऱ्याने. गुनेल तिला थँक्यू म्हणाली.

मग ती उठली. आपली पर्स घेतली, कॉफीचा कप घेतला, टेबलाला वळसा घालून समोरच्या खुर्चीवर जाऊन बसली आणि काटा उचलला. त्या खुर्चीवरून रस्त्याकडे पाठ होत होती. तिने सावकाश खाल्लं, सगळं, बशीला चिकटलेलं हिरवं आवरणसुद्धा काट्याने खरवडून, आणि तिच्यासमोर एक रिकामी खुर्ची होती.